पडताळणीचा फोन शेठला जाण्याआधी : खान्देशातून नोकरी शोधणाऱ्यांसाठी रेफरन्सची तयारी

पुण्याच्या कंपनीत मुलाखत चांगली झाली, एचआरने "दोन रेफरन्स पाठवा" असा मेल टाकला, की जळगावातल्या घरात लगेच बैठक बसते. मामांच्या ओळखीचे एक जिल्हा परिषद सदस्य असतात. आत्याचे दीर कुठल्याशा बँकेत मॅनेजर असतात. काकांनी तर आमदारसाहेबांच्या लेटरहेडची सोयही करून ठेवलेली असते. यातलं एकही नाव देऊ नका.

खाजगी कंपनीतल्या माणसाला तुमची वट किती आहे हे कळून काही उपयोग नसतो. तुम्हाला रोज काम करताना पाहिलेल्या माणसाशी त्याला दोन मिनिटं बोलायचं असतं. तुमच्या मशीनशेजारी उभा राहिलेला शिफ्ट सुपरवायझर इथे आमदारापेक्षा भारी. सरकारी नोकरीतली चारित्र्य पडताळणी पोलिसांमार्फत होते, ती वेगळी वाट. या लेखात फक्त खाजगी नोकरीचं बघू.

आपल्याकडची अडचण अशी की पहिला अनुभव बहुतेकांना मालक चालवतो अशा ठिकाणी मिळतो. डाळ मिल, चटईचा किंवा पाइपचा कारखाना, जिनिंग, रावेर-यावलकडचं केळीचं पॅकहाऊस, सराफी पेढी, पतसंस्था. तिथे एचआर नावाचा विभाग नसतो. वर शेठ, हिशेबाला अकाउंटंट, आणि कंपनीचा मेल जीमेलवर. समोरची कंपनी मात्र 'रिपोर्टिंग मॅनेजर', 'ऑफिशियल ईमेल', 'डेझिग्नेशन' असे रकाने भरून मागते. तेवढं अंतर तुम्हालाच आधी भरून काढावं लागतं, आणि ते काम ऑफर आल्यावर नाही, बायोडाटा पाठवायच्या आधी करायचं.

आधी कागद जुळवा

माणसांना फोन करण्याआधी स्वतःची कुंडली तपासा. पीएफ कापला जात असेल तर ईपीएफओ म्हणजे पीएफ कार्यालयाच्या सदस्य पोर्टलवर यूएएन (तुमचा पीएफचा कायमचा क्रमांक) टाकून सर्व्हिस हिस्टरी उघडा. तिथे कोणत्या आस्थापनेचं नाव आहे, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख काय, हे बघा आणि बायोडाट्यातल्या तारखा त्याच्याशी ताडून पाहा. नवी कंपनी पडताळणीसाठी ज्या एजन्सी नेमते, त्या हीच नोंद सगळ्यात आधी मागतात. बायोडाट्यात "जून" आणि पीएफमध्ये "सप्टेंबर" असेल, तर शेठने पहिले तीन महिने पीएफ भरलाच नव्हता हे तुम्हाला माहीत असतं, त्यांना नसतं. असा फरक असेल तर तो विचारण्याआधीच सांगून टाका, आणि त्या महिन्यांच्या पगाराची बँकेतली नोंद जवळ ठेवा.

सोडल्याची तारीख मालकाने भरलीच नाही, हे तर नेहमीचं. शेवटचा पीएफ जमा झाल्यानंतर दोन महिन्यांनी ती तारीख तुम्ही स्वतः आधार ओटीपीने पोर्टलवर भरू शकता. नाहीतर नव्या कंपनीला तुम्ही अजून जुन्याच ठिकाणी कामाला आहात असं दिसतं.

पीएफचा कायदा साधारणपणे वीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला लागू होतो. त्यामुळे छोट्या दुकानात, पेढीवर काम केलेल्यांकडे ही नोंदच नसते. त्यांच्यासाठी अनुभवाचा दाखला हाच आधार. दाखल्यात पूर्ण नाव, हुद्दा, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, कामाचं दोन ओळींत वर्णन, सही, शिक्का आणि सही करणाऱ्याचं नाव व मोबाइल हवा. लेटरहेडवर जीएसटी क्रमांक असेल तर उत्तम, कारण तो क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकून फर्म खरी आहे का हे कोणालाही बघता येतं. बिलबुकाच्या पानावर लिहून दिलेला दाखला मालकाने कितीही मनापासून दिला असला तरी पुण्यात त्याकडे संशयाने पाहतात.

जिनिंगसारखं हंगामी काम केलं असेल तर "हंगामी" असं स्पष्ट लिहा. कापसाचा हंगाम संपला की काम थांबतं हे खान्देशात शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पण गुरुग्रामच्या एजन्सीला तो नोकरीतला खंड वाटतो.

आता ठेकेदाराचा मामला. सगळ्यात जास्त गाडी अडते ती इथेच. दीपनगरच्या वीज केंद्रात, रेल्वेच्या कामांवर, मोठ्या कारखान्यांत हजारो पोरं ठेकेदारामार्फत राबतात. बायोडाट्यात मोठ्या संस्थेचं नाव टाकतात, पीएफ निघतो ठेकेदाराच्या नावाने. एजन्सी मोठ्या संस्थेला विचारते, तिकडून "या नावाचा कर्मचारी आमच्या रेकॉर्डवर नाही" असं उत्तर जातं, आणि इमानदारीने काम केलेला माणूस खोटारडा ठरतो. म्हणून लिहितानाच मालक म्हणून ठेकेदाराच्या फर्मचं नाव लिहा आणि पुढे "कामाचं ठिकाण" म्हणून संस्थेचं. रेफरन्स दोन घ्या : एक ठेकेदाराचा साइट इन्चार्ज, दुसरा त्या संस्थेतला इंजिनिअर, ज्याच्या देखरेखीखाली तुम्ही प्रत्यक्ष काम केलं. ठेकेदार दाखल्याला टाळाटाळ करत असेल तर त्याला शांतपणे सांगा की व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीविषयीच्या २०२० च्या संहितेत कंत्राटी कामगाराने मागितल्यावर ठेकेदाराने अनुभव प्रमाणपत्र द्यावं अशी तरतूद आहे. भांडायला जाऊ नका. त्याच ठेकेदाराचा फोन तुम्हाला उद्या लागणार आहे.

नावं कोणाची

तीन-चार नावांची यादी तयार ठेवा, म्हणजे मागितली तेव्हा त्यातली दोन-तीन देता येतात. पहिलं नाव थेट वरिष्ठाचं. दुसरं असं, ज्याने तुमचं काम दुसऱ्या बाजूने पाहिलं : क्वालिटीवाला, स्टोअरवाला, अकाउंटंट. सेल्समध्ये असाल तर डीलर. ठिबकच्या किंवा खताच्या कंपनीचा प्रतिनिधी म्हणून चोपडा-शहादा भागात फिरला असाल, तर तिथला कृषी केंद्रचालक तुमच्याबद्दल जे सांगेल ते तुमच्या साहेबालाही माहीत नसतं. वसुलीला माणूस कसा बोलतो, तक्रार आली की शेतावर जातो की फोन बंद ठेवतो, हे त्याने पाहिलेलं असतं.

नुकतेच कॉलेजमधून बाहेर पडलेल्यांनी प्राचार्यांचं नाव देऊ नये, जर त्यांना तुमचा चेहराही आठवणार नसेल. प्रोजेक्ट गाइड, इंटर्नशिपचे मेंटॉर किंवा प्रयोगशाळेतले सर चालतील. आयटीआय करून अप्रेंटिसशिप केली असेल तर ज्या शॉपमध्ये होतात तिथले फोरमन.

दोन बारीक गोष्टी, पण खान्देशात हमखास नडणाऱ्या.

एक, आडनाव. उमेदवार पाटील, रेफरन्स पाटील, दाखल्यावर सही करणाराही पाटील. आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण गावातली निम्मी आडनावं तीच असतात. चौधरी, महाजन, सोनवणे यांचंही तेच. बेंगळुरूच्या एजन्सीतल्या मुलीला मात्र वाटतं की पोराने घरच्याच माणसांची नावं दिली. म्हणून नात्याच्या रकान्यात "माजी वरिष्ठ, नातेवाईक नाही" असं सरळ लिहा. आणि खरंच नात्यातल्या माणसाकडे काम केलं असेल, तर रेफरन्स त्याच ठिकाणच्या दुसऱ्या कोणाचा द्या.

दोन, लग्नानंतर बदललेलं नाव. जुन्या ऑफिसमध्ये तुम्ही माहेरच्या आडनावाने होतात, फॉर्ममध्ये सासरचं आहे. काही घरांत तर पहिलं नावही बदलतात. फोनवर नवं नाव ऐकून जुने साहेब प्रामाणिकपणे सांगतात, "या नावाची बाई आमच्याकडे नव्हती." फॉर्ममध्ये दोन्ही नावं लिहा आणि साहेबांनाही नवं नाव कळवून ठेवा.

मित्राचा नंबर "मॅनेजर" म्हणून देण्याची युक्ती अजून चालते असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी : एजन्सी दिलेल्या नंबरवर थांबत नाही, कंपनीचा नंबर स्वतः शोधून तिकडेही विचारते. अनुभवाचे विकत मिळणारे दाखले पीएफच्या नोंदीपुढे टिकत नाहीत. आणि पकडलं गेलं तर नोकरी रुजू झाल्यावरही जाते.

विचारायचं कसं

न विचारता कोणाचाही नंबर देऊ नका. सुपरवायझर किंवा इंजिनिअर असेल तर आधी मेसेज, मग फोन. मेसेज असा असावा :

"नमस्कार सर. पुण्याच्या एका पाइप कंपनीत क्वालिटीच्या जागेसाठी माझी निवड शेवटच्या टप्प्यावर आहे. तुमच्या हाताखाली मी जून २०२१ ते नोव्हेंबर २०२३ काम केलं. रेफरन्स म्हणून तुमचं नाव आणि नंबर दिला तर चालेल का? माझ्या कामाबद्दल मोकळेपणाने चांगलं सांगता येईल असं वाटत असेल तरच हो म्हणा. अडचण असेल तर तसं सांगा, मला वाईट वाटणार नाही. संध्याकाळी कधी फोन करू?"

यातलं "मोकळेपणाने चांगलं सांगता येईल तरच" हे वाक्य गाळू नका. भिडेखातर हो म्हणणारा माणूस फोनवर "अं... ठीक होता" म्हणतो, आणि ते नकारापेक्षा वाईट. "बघू", "दे ना, त्यात काय" असं गुळमुळीत उत्तर आलं तर आभार मानून दुसरं नाव शोधा.

शेठकडे मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर मागू नका. पेढीवर जाऊन बसा. धनत्रयोदशीचा आठवडा, आखाजी (अक्षय्य तृतीया), मार्च अखेर हे दिवस टाळा. सराफाकडे किंवा मिलवर त्या दिवसांत कोणाला मान वर करायला वेळ नसतो. आधी अकाउंटंटला गाठा, कारण दाखला टाइप तोच करणार आणि पडताळणीचा मेल उघडणाराही तोच. दाखल्याचा मसुदा तयार करून न्या. "शेठ, तारखा आणि काम मी लिहून आणलंय, तुम्ही वाचून बदल सांगा" म्हटलं की काम दहा मिनिटांत होतं. "दाखला पाहिजे" म्हणून हात हलवत गेलात तर "सोमवारी ये" सुरू होतं, आणि ते सोमवार संपत नाहीत.

त्यांच्या हातात काय द्यायचं

होकार मिळाला की काम संपलं असं समजून बहुतेक जण इथे थांबतात. पाइप कारखान्यातल्या एका भल्या सुपरवायझरला फोन येतो तेव्हा साधारण असं होतं. फोन हिंदीत असतो, मी मराठीत देतो :

"ते तुमच्याकडे किती काळ होते?"
"असेल दोन-अडीच वर्षं."
"पद काय होतं?"
"पद काय, सगळंच करायचा तो."
"काम कसं होतं?"
"बरा होता पोरगा. काही तक्रार नव्हती."
"नोकरी का सोडली?"
"आता तिकडे पैसे जास्त मिळत असतील."

या माणसाने त्याच्या परीने तोंडभरून कौतुक केलंय. आपल्याकडे "सगळंच करायचा" याच्यावर शाबासकी नाही. पण एजन्सीच्या फॉर्ममध्ये काय उतरलं? कालावधी निश्चित नाही, पद निश्चित नाही, काम साधारण, पैशासाठी सोडून गेला.

हे टाळायला एक छोटा मेसेज पुरतो. त्यात तुमचं काम केल्याचा महिना-वर्ष, कागदावरचं पद, नवी जागा कोणती आणि तिथे काय लागतं, सोडण्याचं कारण तुम्ही काय सांगितलंय, आणि त्यांना आठवतील असे दोन प्रसंग. "सर, रात्रपाळीला डाय बदलायची वेळ आली तर तुम्हाला घरून बोलवावं लागायचं नाही, आणि रिजेक्शनची वही मी सुरू केली होती, ते आठवत असेल तर सांगा." एवढं दिलं की तोच सुपरवायझर म्हणतो, "एक्स्ट्रुडर ऑपरेटर होता, रात्रपाळी त्याच्यावर सोडून मी निवांत झोपायचो." या वाक्याचं काय करायचं ते एचआरला बरोबर कळतं.

आठवण करून द्या, पाठांतर करून घेऊ नका. न केलेलं काम त्यांच्या तोंडी घातलं तर दुसऱ्या प्रश्नाला ते अडकतात. उणीव काय, हा प्रश्नही येतो. तेव्हा त्यांना खरंच वाटत असलेली एखादी गोष्ट सांगू द्या. "काहीच नाही" हे उत्तर कोणी खरं मानत नाही.

भाषेचं आधीच बघा. अहिराणीत रंगात येऊन बोलणारा माणूस इंग्रजी ऐकलं की "येस सर, गुड सर" वर येतो. फॉर्ममध्ये किंवा मेलमध्ये "हिंदी किंवा मराठीत बोलणं सोयीचं" असं लिहून द्या, एचआरला त्यात काही कमीपणा वाटत नाही. सुरतेत काम केलं असेल तर तिथल्या गुजराती मालकासाठीही हीच काळजी घ्या.

आणि नंबर. ०८० म्हणजे बेंगळुरू, ०१२० म्हणजे नोएडा, ०२० म्हणजे पुणे. असा अनोळखी नंबर दिसला की क्रेडिट कार्डवाला समजून लोक फोन कापतात, हा अनुभव सगळ्यांचा आहे. फॉर्म भरला त्याच दिवशी रेफरन्सला कळवा : "या आठवड्यात अमुक कंपनीकडून किंवा एजन्सीकडून फोन येईल, बाहेरचा नंबर असेल, कृपया उचला." कोणत्या वेळेत फोन करावा हे एचआरलाही कळवा. शॉप फ्लोअरवर मशीनच्या आवाजात कोण काय सांगणार? आणि साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी ते लिहा, एमआयडीसीत ती रविवारीच असेल असं नाही.

हे सगळं एका वहीत किंवा एक्सेलमध्ये ठेवा : कोणाचं नाव, कोणत्या कंपनीला, कोणत्या तारखेला दिलं, फोन आला का. एकाच माणसाला चार कंपन्यांचे फोन जायला लागले की चौथ्याला तो वैतागलेला असतो. म्हणून नावं आलटून पालटून द्या, आणि शेवटच्या टप्प्याआधी कोणालाच देऊ नका. बायोडाट्यावर किंवा जॉब पोर्टलवर त्यांचे नंबर टाकणं तर साफ टाळा. दुसऱ्याचा मोबाइल तुम्ही चव्हाट्यावर मांडताय. पडताळणीच्या नावाखाली तुमच्याकडे पैसे मागितले तर तो फोन तिथेच ठेवा, ती फसवणूक आहे.

सध्याच्या ठिकाणी कळू न देता

जळगाव किंवा धुळ्याची एमआयडीसी म्हणजे एक मोठं गाव. या कारखान्यातला मेंटेनन्सवाला त्या कारखान्यातल्या स्टोअरवाल्याचा साडू निघतो. फॉर्ममध्ये सध्याच्या कंपनीशी संपर्क करू नये असा पर्याय असतो, तो निवडा, आणि एचआरला मेलमध्येही लिहा की ऑफर स्वीकारून राजीनामा दिल्यावर संपर्क केला तर हरकत नाही. बहुतेक कंपन्या हे मानतात. तोपर्यंत त्याच कंपनीतून आधी बाहेर पडलेल्या साहेबाचं नाव द्या.

त्याच शहरात दुसऱ्या कारखान्यात जात असाल तर मात्र फॉर्मवर विसंबू नका. तिथला मॅनेजर तुमच्या मॅनेजरला चहावर विचारतोच. अशा वेळी बातमी बाहेरून कळण्याआधी आपल्या साहेबाला आपणच सांगितलेलं बरं, अर्थात ऑफर हातात पडल्यावर.

संबंध बिघडलेले असतील तर

दिवाळीचा बोनस घेऊन दुसऱ्या दिवसापासून फोन बंद, असं सोडलेलं असेल तर शेठ चांगलं बोलेल ही आशा सोडा. पण तारखा आणि पद एवढं तरी अकाउंटंटकडून मिळवता येतं, आणि बऱ्याच एजन्सींना पूर्वीच्या कंपनीकडून तेवढंच हवं असतं. कामाबद्दल बोलायला त्याच ठिकाणचा दुसरा माणूस द्या. एचआरने विचारलं तर एका वाक्यात सांगा : "नोटीस पूर्ण केली नव्हती, त्यावरून मालक नाराज आहेत, कामाबद्दल या सुपरवायझरशी बोलावं." मालकाच्या चुकांचा पाढा वाचू नका. तुमची बाजू खरी असली तरी ऐकणाऱ्याला फक्त भांडखोर माणूस दिसतो.

कंपनीच बंद पडली असेल तर नेमणुकीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला) आणि पीएफची नोंद यांची एक पीडीएफ करून ठेवा. तिथले साहेब आता दुसरीकडे असतील. त्यांचं आत्ताचं पद आणि तेव्हाचं पद दोन्ही लिहा.

पडताळणीत काही अडकलं तर

एजन्सी कधी "संपर्क झाला नाही" म्हणते, कधी "माहिती जुळत नाही" म्हणते. नेमकं काय जुळलं नाही हे एचआरला लेखी विचारा. तारखेचा फरक असेल तर पीएफची नोंद आणि बँक स्टेटमेंट जोडा. पदाचा असेल तर नेमणुकीचं पत्र. फोन उचलला गेला नसेल तर रेफरन्सला स्वतः फोन करून वेळ ठरवा आणि ती वेळ एचआरला कळवा. हे त्याच दिवशी करा. तुमच्या फाइलच्या खाली दुसऱ्या उमेदवाराची फाइल ठेवलेली असते.

निकाल काहीही लागला तरी रेफरन्सला कळवा. नोकरी मिळाली नाही तरीही. मिळाली तर फोन करा, आणि सणाला गावी आलात की शेठकडे पेढे घेऊन जा. अकाउंटंटला विसरू नका, दाखला त्यानेच टाइप केला होता. नवा नंबर, नवा मेल त्यांना देऊन ठेवा आणि त्यांचाही बदलला असेल तर वहीत सुधारून घ्या.